अशोकाची साल आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा
(औषधी द्रव्यांच्या ओळखीत जीवविज्ञान विभागाचे साहाय्य)

चिकित्सेच्या चार पादांमध्ये वैद्याच्या पाठोपाठ द्रव्याची गणना होते. चरकाचार्यांनी द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत. ते विपुल असावे, रोगाला योग्य असावे, अनेक कल्पनांत वापरता यावे आणि रसवीर्यादींनी संपन्न असावे. परंतु या चारही गुणांच्या आधी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ते द्रव्य तेच असले पाहिजे. ग्रंथकाळी हे गृहीत धरण्यास हरकत नव्हती. वैद्य स्वतः वनात जात असे. गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात, त्यांच्याकडून ती जाणून घ्यावीत, असे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सुचविले आहे. आज आपल्यापैकी बहुतेकांचे द्रव्य पोत्यातून येते आणि पोत्यावर लिहिलेले नाव हाच त्याचा परिचय असतो.

या विषयाकडे माझे लक्ष एका साध्या अनुभवाने वेधले गेले. माणगाव परिसरातील माझ्या चिकित्सालयात असृग्दराच्या रुग्णांना मी अनेक वर्षे अशोकत्वचेचा क्षीरपाक देत आलो आहे. एका वर्षी नव्या पोत्यातील साल वापरू लागल्यावर अपेक्षित उपशय दिसेना. प्रथम मी निदान तपासले, मग पथ्य तपासले, मग अनुपान. एका भगिनीला तर रक्तस्राव न थांबल्याने आधुनिक रुग्णालयात पाठवावे लागले. पोते तपासावे, हे मात्र सर्वांत शेवटी सुचले. एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या स्नेह्यांनी सालीचा पातळ छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मलाही पाहावयास सांगितले. पोत्यातील बरेचसे तुकडे अशोकाचे नव्हते. त्या दिवसापासून विद्यापीठाचा जीवविज्ञान विभाग ही आपल्या औषधालयाच्या उपयोगाची जागा आहे, अशी माझी खात्री झाली. तिचा उपयोग कसा करून घ्यावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

दोन अशोक

औषधी अशोक म्हणजे सीताअशोक, शास्त्रीय नाव सराका असोका. तो शिंबी कुळातील वृक्ष आहे. पाने संयुक्त, पर्णिकांच्या जोड्यांची. कोवळी पालवी तांबूस व लोंबती. फुले केशरी-तांबडी, झुबक्यांनी जुन्या फांद्यांवरही येणारी. सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी, सावलीच्या ओलसर जागी तो निसर्गतः वाढतो. शाळा, कचेऱ्या आणि बंगल्यांच्या कुंपणालगत सरळ उंच वाढणारा, नागमोडी कडांच्या साध्या पानांचा जो वृक्ष आपण 'अशोक' म्हणून ओळखतो, तो आसुपालव होय. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिअल्थिया लाँजिफोलिया. २०१२ पासून वनस्पतितज्ज्ञ त्याला मोनून लाँजिफोलियम म्हणतात. तो सीताफळाच्या कुळातील आहे. दोहोंत नामसाम्यापलीकडे नाते नाही.

चरकाच्या वेदनास्थापन महाकषायात आणि सुश्रुताच्या लोध्रादि गणात अशोकाचा समावेश आहे. कषाय-तिक्त रस, शीत वीर्य आणि ग्राही कर्म यांमुळे रक्तप्रदरात त्याची योजना होते. अशोकारिष्टाची मागणी बारमाही आहे. सीताअशोकाची झाडे मात्र मोजकी आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्ये या वृक्षाची नोंद 'असुरक्षित' जाती म्हणून केली. मागणी मोठी, झाडे थोडी आणि नामसाम्य असलेला दुसरा वृक्ष मुबलक, अशा स्थितीत भेसळीसाठी कोणी फार कपटी असण्याचीही आवश्यकता राहत नाही. दक्षिण भारतातील बाजारांतून गोळा केलेल्या अशोकसालीच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बहुसंख्य नमुने अशोकाचे नसल्याचे आढळले.

नाव एक, द्रव्ये अनेक

अशोकाचे उदाहरण सोपे आहे, कारण तेथे खरे कोणते याविषयी वाद नाही. इतर अनेक द्रव्यांत वादही आहे. शंखपुष्पी म्हणून निरनिराळ्या प्रांतांत चार वनस्पती वापरात आहेत. रास्ना म्हणून उत्तरेत एका क्षुपाची पाने घेतात, तर अन्यत्र वृक्षावर वाढणाऱ्या वांडा या आमराची मुळे घेतात. कोकणात 'ब्राह्मी' मागितली तर बहुधा कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी हाती येते. फार्माकोपियातील ब्राह्मी ही बॅकोपा मोनिएरी आहे. वावडिंगाच्या नावाने एम्बेलिया राइब्सऐवजी त्याच प्रजातीतील दुसऱ्या वनस्पतीची किंवा आटकीची फळे विकली जातात. आपल्या सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या 'तांबडे नागकेशर' म्हणून बाजारात जातात. ग्रंथोक्त नागकेशर मेसुआ फेरिया या वृक्षाचे मानले जाते.

येथे एक विवेक बाळगावा लागतो. प्रतिनिधी द्रव्य वापरणे शास्त्रसंमत आहे. भावप्रकाशादी ग्रंथांनी अभावी कोणते घ्यावे, याच्या याद्या दिल्या आहेत. परंतु प्रतिनिधी द्रव्य वैद्य जाणूनबुजून, गुणकर्मांचा विचार करून निवडतो. व्यापाऱ्याने न सांगता केलेली अदलाबदल ही भेसळच होय. या दोहोंतील सीमा राखण्यासाठी हाती आलेले द्रव्य नेमके कोणते, हे आधी निश्चित झाले पाहिजे. विद्यापीठाचे साहाय्य घ्यावयाचे ते याच टप्प्यावर.

जीवविज्ञान विभाग काय करू शकतो

विद्यापीठातील जीवविज्ञान या व्यापक नावाखाली वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान हे विषय येतात. औषधालयाच्या दृष्टीने त्यांतील पाच कामे महत्त्वाची आहेत.

१. हर्बेरियम. वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटविलेल्या वनस्पतींचा हा संग्रह होय. प्रत्येक पत्रकावर वनस्पतीचे नाव, गोळा केल्याचे स्थळ, दिनांक व क्रमांक असतो. आपण नेलेली फांदी या संग्रहाशी ताडून तिची जात निश्चित केली जाते आणि आपला नमुना क्रमांक देऊन तेथेच जतन होतो. पुढे कोणीही शंका घेतली तरी तो काढून दाखविता येतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की हर्बेरियममधील तज्ज्ञ पाने, फुले व फळे यांवरून जात ओळखतो. त्याच्यापुढे सालीचे चूर्ण ठेवून काही उपयोग होत नाही.

२. सूक्ष्मदर्शक परीक्षण. सुक्या द्रव्यासाठी हाच पहिला आणि स्वस्तातला मार्ग आहे. अशोकाची साल पन्हाळीसारखी वळलेली, बाहेरून गडद हिरवट ते राखट, गोल वातरंध्रांची व आडव्या कंगोऱ्यांची असते. आतून ती तांबूस तपकिरी असते आणि बुचाच्या थराखाली पातळ पांढुरकी सलग रेघ दिसते. छेदात अश्मपेशींचे एक-दोन सलग थर, त्यांचे अनेक पुंजके आणि लोलकाकार स्फटिक दिसतात. आसुपालवाच्या छेदात सीताफळ कुळाचे लक्षण दिसते. बाहेरच्या बाजूस पाचरीसारखे रुंदावणारे किरण आणि त्यांच्यामध्ये तंतूंचे एकाआड एक पट्टे असतात. एकदा दोन्ही छेद शेजारी पाहिले की विसर पडत नाही. साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, नवे पाते आणि शिक्षकाचे दोन तासांचे मार्गदर्शन एवढ्यावर औषधशाळेतील तरुण सहकारी हे काम शिकू शकतो.

३. रासायनिक आलेख. द्रव्याचा अर्क सिलिकेच्या पट्टीवर चढवून त्यातील घटक वेगवेगळे केले जातात. पट्टीवर उमटणारे ठिपके ही त्या द्रव्याची खूण ठरते. शेजारी प्रमाणित द्रव्याचा अर्क लावला की तुलना होते. ही पद्धत चूर्णालाही चालते आणि काही प्रमाणात सिद्ध औषधालाही. मात्र एक-दोन घटकांच्या उपस्थितीवरून जात सिद्ध होत नाही. कषाय द्रव्ये अशोकात आहेत तशी अन्य अनेक सालींतही आहेत.

४. जनुकीय ओळख. प्रत्येक जातीच्या पेशींतील डीएनएचे ठरावीक तुकडे वाचून ते ज्ञात नोंदींशी ताडतात. वनस्पतींसाठी कोणते दोन तुकडे प्रमाण मानावेत, याची आंतरराष्ट्रीय शिफारस २००९ मध्ये झाली. ताज्या पानावर ही पद्धत उत्तम चालते. वाळलेल्या सालीत कषाय द्रव्ये डीएनए शुद्ध करण्यात अडथळा आणतात. काढा, अरिष्ट, घृत यांत अग्निसंस्कारानंतर डीएनए शाबूत मिळण्याची शाश्वती नसते. शिवाय ही चाचणी जात सांगते. साल की लाकूड, कोवळे की जून, कोणत्या ऋतूतील, हे सांगत नाही. आपल्या शास्त्रात या गोष्टींना जातीइतकेच महत्त्व आहे.

५. सूक्ष्मजीव परीक्षण. कोकणातील दमट हवेत द्रव्यसंग्रहाला बुरशीचा धोका नित्याचा आहे. बुरशीपासून निर्माण होणारी अफ्लाटॉक्सिने उकळूनही पूर्णतः नष्ट होत नाहीत. योग्य द्रव्यही साठवणुकीत दुष्ट होऊ शकते, म्हणून पावसाळ्यानंतर शिल्लक मालाची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

माणगावहून कोठे जावे

आपल्या माणगाव तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्याचा कायदा १९८९ चा. तंत्रशास्त्र हा त्याचा मुख्य विषय असला, तरी राज्यातील अनेक औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये त्याला संलग्न झाली आहेत. औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात वनौषधिपरीक्षण हा विषय असतोच, त्यामुळे छेद, चूर्णपरीक्षण आणि राख-अर्काची मापे या कामांसाठी अशा महाविद्यालयांशी संपर्क ठेवावा. वनस्पतिशास्त्र शिकविणारी जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या परिघातील आहेत. पहिली शंका तेथील शिक्षकांना विचारावी, ते बहुधा आनंदाने वेळ देतात.

अधिकृत ओळखीसाठी दोन दिशा आहेत. मुंबईकडे गेल्यास विद्यानगरीतील विद्यापीठाचा जीवविज्ञान विभाग आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आहे. पश्चिम भारतातील वनस्पतींचा हा जुना संग्रह १९०६ पासूनचा. निजामपूरमार्गे ताम्हिणी घाट चढून गेल्यास पुणे गाठता येते. तेथे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने पश्चिम विभागासाठीचे आपले सुविधा केंद्र याच विद्यापीठाकडे सोपविले. पुण्यातच भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे १९५५ मधील पश्चिम केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे. आघारकर संस्थेचे मूळ १९४६ च्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आहे. तिचे संस्थापक-संचालक डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे, म्हणजे आपल्या कोकणचेच. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद भूषविल्यानंतर त्यांनी ही संस्था उभारली. औषधी वनस्पतींची ओळख पटवून देण्याचे काम या संस्था शुल्क घेऊन करतात.

नमुना कसा न्यावा

चांगला नमुना नेला नाही तर चांगल्या तज्ज्ञाचाही उपयोग होत नाही. याबाबत काही सूचना अशा:

• ज्या झाडाची साल घ्यावयाची, त्याच झाडाची फुलांसह एक हातभर फांदी घ्यावी. सीताअशोक साधारणतः माघ ते चैत्र या काळात फुलतो. तो समय साधावा.
• फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरून, वजनाखाली दाबून, कागद दररोज बदलत वाळवावी. कोकणातील हवेत कागद बदलण्याचा आळस केल्यास नमुना काळा पडतो.
• सोबतच्या चिठ्ठीवर गाव, जागेचे वर्णन, दिनांक, झाडाची अंदाजे उंची, फुलांचा रंग आणि स्थानिक नाव लिहावे. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो ताजेपणीच नोंदवावा.
• बाजारातील साल न्यावयाची असल्यास पोत्याच्या वरून, मधून व तळातून तुकडे घ्यावेत. वरचा थर चांगला आणि खाली दुसरेच, हा प्रकार अपरिचित नाही.
• प्रत्येक खेपेचा एक नमुना सीलबंद करून, पुरवठादार व दिनांक लिहून आपल्याकडे ठेवावा. तक्रार आल्यास तोच आपला आधार असतो.
• चूर्ण विकत घेऊ नये. अखंड द्रव्य घेऊन ते आपल्या देखरेखीखाली कुटावे. हा एकच नियम पाळला तरी निम्मी चिंता मिटते.

प्रमाणपत्राचा अर्थ

येथे औषधशाळेच्या मालकांनी एक भेद नीट समजून घ्यावा. हर्बेरियमचे प्रमाणपत्र सांगते की आपण दाखविलेला नमुना अमुक जातीचा आहे. त्यानंतर गोदामात आलेले प्रत्येक पोते त्याच जातीचे आहे, असे ते सांगत नाही. वर्षापूर्वीचे प्रमाणपत्र दाखवून यंदाचा माल खरा असल्याचा दावा करता येणार नाही.

तसेच, विद्यापीठाचा अहवाल ज्ञानदृष्ट्या कितीही भक्कम असला, तरी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार चाचणी अहवाल देण्याचा अधिकार नियम १६०-ए ते १६०-जे यांखाली मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळांना आहे. परवान्याच्या कामासाठी अहवाल हवा असल्यास त्या प्रयोगशाळेला अशी मान्यता आहे का, हे आधी विचारून घ्यावे. त्याच कायद्याच्या कलम ३३-ईई मध्ये भेसळयुक्त आणि ३३-ईईए मध्ये बनावट आयुर्वेदीय औषधाची व्याख्या आहे. २००० साली आलेल्या अनुसूची 'टी' ने कच्च्या मालाची तपासणी, साठवण व नोंदी यांचे बंधन घातले. स्वतःच्या रुग्णांसाठीच औषध तयार करणाऱ्या व बाजारात न विकणाऱ्या वैद्यांना या अनुसूचीतून सूट आहे. परंतु ती सूट कायद्याच्या कागदापुरती आहे. रुग्णाच्या शरीराला खोट्या सालीपासून सूट मिळत नाही. आणि परवानाधारकाने हेही ध्यानी ठेवावे की परवाना त्याच्या नावे असतो, पोते विकणाऱ्याच्या नावे नसतो.

देणे आणि घेणे

विद्यापीठाकडे आपण केवळ गिऱ्हाईक म्हणून जाऊ नये. तेथील विद्यार्थ्यांना संशोधनासाठी विषय हवे असतात आणि आपल्याकडे प्रश्न असतात. प्रश्न आयुर्वेदाचा असेल तर संशोधनालाही दिशा मिळते. पुणे विद्यापीठातील संशोधकांनी ७६ व्यक्तींच्या वातादी प्रकृतींचे वैद्यकीय परीक्षण करून त्यांचा एचएलए जनुकांशी संबंध तपासला आणि तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. संबंध आढळला. संख्या लहान असल्याने त्यावरून अंतिम निष्कर्ष काढता येणार नाही, हेही खरे. तथापि येथे प्रश्न आपल्या शास्त्राचा होता आणि साधने जीवविज्ञानाची, हे अनुकरणीय आहे. रस, वीर्य, विपाक मोजून द्या, अशी मागणी घेऊन आपण तेथे गेलो तर निराशाच पदरी येईल. शिशिरात घेतलेल्या व वर्षा ऋतूत घेतलेल्या अशोकत्वचेच्या अर्कात काय भेद पडतो, असा प्रश्न नेला तर एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष सार्थकी लागेल आणि आपल्याला ऋतुनिहाय संग्रहाचा आधार मिळेल.

एका धोक्याची जाणीवही ठेवावी. १९६६ मध्ये अमेरिकेतील वॉल व वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे अर्बुदविरोधी द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या या वृक्षात असल्याचे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखविले. त्यावर आधारलेली औषधे १९९० च्या दशकात बाजारात आली आणि महाराष्ट्रातील जंगलांतून नरक्याची चोरटी तोड मोठ्या प्रमाणावर झाली. ज्ञान वाढले, ज्या झाडामुळे ते वाढले, त्याचे रक्षण मागे पडले. अशोकाच्या बाबतीत तसे होऊ नये. खोडाभोवती पूर्ण कडे काढून साल सोलली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत जात नाही आणि झाड मरते. उभ्या अरुंद पट्ट्यांनी, एका बाजूने, पुरेशा जून झाडाची साल घेतल्यास ते जगू शकते. रानात साल काढणाऱ्या कातकरी बांधवांना आपण पुरेसा दर दिला आणि पद्धत समजावून दिली, तर झाड टिकण्यात त्यांचाही लाभ राहील.

शेवटी सभासदांना एक विनंती. आपापल्या चिकित्सालयाच्या वा औषधशाळेच्या आवारात सीताअशोकाची निदान दोन रोपे लावावीत. बी ताजे असता सहज रुजते. पहिली काही वर्षे सावली व ओलावा सांभाळावा लागतो. झाड फुलावर आले की त्याची फांदी हर्बेरियममध्ये नोंदवून क्रमांक घ्यावा. त्याची साल काढण्याची घाई नको. बाजारातून आलेला प्रत्येक तुकडा ताडून पाहण्यासाठी ओळख पटलेले एक झाड दारात असणे, हाच त्याचा मोठा उपयोग आहे. ज्या भगिनीला मला रुग्णालयात पाठवावे लागले होते, ती बरी झाली. पण पुन्हा माझ्याकडे आली नाही. तिने अशोकारिष्टाला दोष दिला असेल, मला दिला असेल, कदाचित आयुर्वेदालाही दिला असेल. तो दोष पोत्याचा होता, हे तिला सांगण्याची संधी मला मिळाली नाही. तशी वेळ अन्य कोणा वैद्यबंधूवर येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.